जुनं घर थंड असतं, पण किती वाजता?

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, विषय ठरला. 'शाश्वत आणि पर्यावरणपूरक इमारतींच्या रचनेची तत्त्वे'. पेट झाली की यावरच प्रपोजल देणार. जरा बघता का?" सोबत एका पानाचा फोटो होता. त्यावर आठ तत्त्वं एकाखाली एक लिहिलेली: दिशा, सावली, वारा, जाड भिंती, स्थानिक साहित्य, पाणी, ऊर्जा, कचरा. सगळी बरोबर. कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतील अशी.

ते पान मी लगेच ओळखलं, कारण चार वर्षांपूर्वी तसंच एक पान घेऊन मी आमच्या गाईड सरांसमोर बसले होते. माझ्या पानावरचं पहिलं वाक्य होतं, "पारंपरिक घरे उन्हाळ्यात थंड राहतात." सरांनी पेन्सिलीनं त्याखाली एक रेघ मारली आणि विचारलं, "किती वाजता?"

मला प्रश्नच कळला नाही. थंड म्हणजे थंड, त्यात वाजायचं काय? सर म्हणाले, "जा, मोजून ये." माझी पीएचडी खरं तर तिथून सुरू झाली. आज त्या एका प्रश्नाबद्दलच लिहिते. आठही तत्त्वं घेऊन बसलो तर प्रत्येकाला दोन-दोन ओळी येतील आणि हाती काही लागणार नाही. त्यातलं एकच धरू, जाड भिंतींचं. बाकीची वाटेत भेटतील तेवढी भेटतील.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. आमचं जुनं घर माळवदाचं होतं. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. मी शाळेत असताना ते पाडून स्लॅबचं घर बांधलं. चुलत्यांचं माळवद मात्र शेजारीच अजून उभं आहे, आणि त्यात आता काकू एकट्या राहतात. उन्हाळ्यात दुपारी आमची आई हातातलं निवडण घेऊन काकूंकडे जाऊन बसते. "तुझ्या स्लॅबपेक्षा ते बरं," हे मी दर मे महिन्यात ऐकत आले. म्हणून ते वाक्य मी प्रपोजलमध्ये लिहिलं होतं. ते आईच्या अनुभवातून आलेलं होतं आणि खोटं नव्हतं. अर्धं होतं.

आता थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, बारावीच्या पुढचं काही नाही.

भिंतीच्या बाहेरच्या बाजूला दिवसभर ऊन आणि गरम हवा, रात्री गारवा. म्हणजे तापमानाची एक लाट रोज भिंतीवर येऊन आदळते. ती भिंतीतून आत जाते तेव्हा तिचं दोन प्रकारे काहीतरी होतं. एक, तिला आत पोचायला वेळ लागतो. याला टाइम लॅग म्हणतात. दोन, तिची उंची कमी होते, म्हणजे बाहेर पंधरा अंशांचा चढउतार असेल तर आत तो कमी भासतो. जाडी जितकी जास्त तितका उशीर जास्त आणि लाट तितकी बुटकी. जाडीशिवाय त्या साहित्याची उष्णता-विसरणशीलता महत्त्वाची, म्हणजे उष्णता त्यातून किती झपाट्यानं पसरते ते.

अंदाजे हिशोब करून बघा. काँक्रीटचा १२ सेंटिमीटरचा स्लॅब घेतला तर लाट आत यायला साधारण ३ ते ४ तास लागतात आणि उंची निम्म्याच्या आसपास उरते. ४५ सेंटिमीटरची मातीची भिंत घेतली तर उशीर १४-१५ तासांच्या घरात जातो, पण तोवर लाटेत दमच राहत नाही, उंची पन्नासाव्या भागावर येते. (हे सूत्र खूप जाड भिंत गृहीत धरतं, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. पण फरक किती मोठा आहे ते कळायला पुरेत.)

थोडक्यात, जाड भिंतींचं बंद घर बाहेरच्या दिवस-रात्रीचं काही ऐकत नाही. ते बाहेरच्या सरासरीला धरून बसतं. सोलापूरकडे मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या पुढे जातो आणि पहाटे २५-२६ पर्यंत उतरतो. सरासरी ३३ च्या आसपास. म्हणजे माळवदात आत साधारण ३३. दुपारी तीनला बाहेर ४१ असताना तुम्ही आत शिरलात तर म्हणाल, वा, काय गार आहे! पहाटे चारला बाहेर २६ असताना त्याच घराचं दार उघडून आत गेलात तर म्हणाल, भट्टी आहे. घरातला आकडा तोच, ३३. बदललं ते घड्याळ.

सरांचा प्रश्न हा होता.

मग लहानपणीचं आठवलं. माळवदात उन्हाळ्यात रात्री कुणी झोपायचंच नाही! जेवणं झाली की गाद्या-वाकळा वर माळवदावर किंवा अंगणात. आजोबा ओट्यावर. घरात फक्त धान्याची पोती आणि मांजर. पहाटे घर आतून गरम असलं तरी ते कुणाला कळणार? भिंतींनी दिवसा माणसांना सांभाळायचं आणि रात्री आभाळानं, अशी ती वाटणी होती. म्हणजे आपण ज्याला 'जुन्या घराची रचना' म्हणतो त्यात भिंतीची जाडी होती, मातीचं छत होतं आणि संध्याकाळी अंथरूण घेऊन बाहेर पडायची सवयही होती. पुस्तकांमध्ये पहिल्या दोन गोष्टी येतात. तिसरी येत नाही, कारण ती आराखड्यात काढता येत नाही.

आता काकू एकट्या. अंगणात झोपायची भीती वाटते, चोऱ्या होतात. माळवदावर चढायला गुडघे साथ देत नाहीत. डासांमुळे संध्याकाळी सहालाच दारं-खिडक्या बंद. त्याच भिंती, तीच माती, पण रात्री त्या आता आत असतात. मी पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे लॉगर लावला तेव्हा रात्री दोनला ओट्यावरच्यापेक्षा आतलं तापमान बरंच जास्त येत होतं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "झोप लागत नाही गं, पण ते वयामुळे असंल."

उष्णतेमुळे माणसं मरतात हे अहमदाबादेनं २०१० च्या मे महिन्यात पाहिलं. २१ मेला तिथं ४६.८ अंश नोंदले गेले, आणि त्या महिन्यात शहरात नेहमीच्या मानानं १,३४४ मृत्यू जास्त झाले असं नंतरच्या अभ्यासात निघालं. त्यातूनच २०१३ मध्ये तिथला हीट ॲक्शन प्लॅन आला. पण आपण बातमीत वाचतो तो आकडा दुपारचा, आणि तोही हवामान खात्याच्या पेटीतला. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्र लागते, आणि ती रात्र माणूस घरात, छताखाली काढतो. तिथलं तापमान कुठल्याही बातमीत नसतं.

आता आमच्या स्लॅबकडे येते, कारण जास्तीत जास्त लोक आता त्याच्याखाली राहतात. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे वरच्या मजल्यावर ऊन सगळ्यात जास्त खातं ते छत. भिंतींच्या कितीतरी पट. तरी लोक पश्चिमेच्या भिंतीवर चर्चा करतात आणि छताला विसरतात.

छताचा हिशोब करायची एक जुनी युक्ती आहे, सोल-एअर तापमान. ऊन आणि हवा या दोघांचा मिळून छताला जो चटका बसतो तो एकाच आकड्यात सांगायचा. समजा हवा ४० अंश, छतावर ऊन दर चौरस मीटरला ९०० वॅट, आणि करडा सिमेंटचा पृष्ठभाग त्यातलं ७० टक्के शोषतो. पृष्ठभागावरून हवेत उष्णता जाण्याचा गुणांक २० धरला तर ९०० गुणिले ०.७ भागिले २०, म्हणजे ३१.५ अंशांची भर. छत आभाळाकडे थोडी उष्णता सोडतं त्याचे ४ अंश वजा करा. उरतात साधारण ६७ अंश. छताला वाटतं की बाहेर ६७ अंश आहेत! आता त्याच छताला पांढरा चुना मारला आणि शोषण २५ टक्क्यांवर आलं, तर तोच आकडा ४७ च्या आसपास येतो.

स्लॅबची यू-व्हॅल्यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॅट आत येतात, ती साधारण ३.५. आत ३२ अंश धरले तर करड्या छतातून १२० वॅटच्या वर, पांढऱ्यातून ५० च्या आसपास. तीन बाय चारच्या खोलीत करडं छत म्हणजे जवळपास दीड किलोवॅटचा हीटर डोक्यावर लावलाय असं समजा.

हा हिशोब मी प्रपोजलमध्ये दिला आणि फार खूश होते. सर परत म्हणाले, "किती वाजता?" कारण वरचा हिशोब स्थिर स्थितीचा आहे. त्यात वेळच नाही. बाहेरचा चटका दुपारी एक-दोनला शिगेला पोचतो, पण स्लॅबमधून यायला त्याला तीन-चार तास लागतात. म्हणजे स्लॅबची खालची बाजू सगळ्यात जास्त तापते संध्याकाळी पाच-सहाला, आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहते. नेमकी त्याच वेळी माणसं कामावरून घरी येतात. बायका त्याच वेळी स्वयंपाकाला लागतात.

पत्र्याच्या घराचं याच्या अगदी उलटं. पत्र्याला उशीर असा नाहीच. दुपारी बारा ते तीन तिथं बसवत नाही, पण सूर्य कलला की पत्राही निवतो आणि पहाटे तो चांगला गार असतो. म्हणजे माळवद, स्लॅब आणि पत्रा या तिघांत चांगलं कुठलं हे विचारणं तसं अपुरं आहे. दुपारी घरी कोण असतं, रात्री कोण असतं, लहान मूल आहे का, म्हातारं माणूस आहे का, यावर उत्तर बदलतं.

तुमच्यापैकी जे कोकणातले आहेत ते म्हणतील, आमच्याकडे असं नाही. बरोबर आहे. रत्नागिरीला मे महिन्यात दिवस आणि रात्र यांत फरकच थोडा, सहा-सात अंशांचा. रात्र पुरेशी गार नसेल तर भिंतीत साठवलेली उष्णता काढायची कुठं? तिथं घामानं भिजलेल्या अंगावरून वारा जाणं महत्त्वाचं, म्हणून कौलाचं उतरतं छप्पर, खोल पडवी, समोरासमोर दारं. मग तिथल्या घरांना जांभ्याच्या जाड भिंती का, असं कुणी विचारेल. कारण दाराशी जांभाच मिळतो! प्रत्येक जुन्या गोष्टीमागे हवामानाचं शास्त्र शोधायची आपल्याला फार हौस. कधीकधी कारण खाण जवळ होती एवढंच असतं. हे लिहून ठेवायला लाजू नका.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुमचे पंधरा दिवस वाचतील.

पहिल्या उन्हाळ्यात मी लॉगर घेऊन गावी गेले. काकूंच्या घरी तो भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, कारण तिथं छान बसत होता. आमच्या घरी फ्रीजवर ठेवला, कारण तिथं कुणाचा हात लागणार नव्हता. दोन आठवड्यांनी आकडे काढले तर माळवदाचा आलेख सरळ रेषेसारखा, आणि आमच्या घराचा करवतीसारखा, दर थोड्या वेळानं वर-खाली. मला वाटलं काहीतरी नवीन सापडलं. खरं तर कोनाड्यातला लॉगर हवेऐवजी भिंतीचंच तापमान मोजत होता, आणि दुसरा फ्रीजचा काँप्रेसर कधी चालू-बंद होतो त्याची नोंद ठेवत होता. दोन आठवड्यांचे आकडे टाकून द्यावे लागले. लॉगर खोलीच्या मध्याकडे, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला, ऊन-पंखा-दिवा-फ्रीज यांपासून लांब, भिंतीला न टेकता टांगायचा. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. मी वाचलंही होतं.

दुसरी चूक जास्त शिकवणारी. नंतरच्या उन्हाळ्यात आमच्या स्लॅबवर मी चुना मारला. हवेचं तापमान फारसं उतरलं नाही. मी हिरमुसले. आई मात्र म्हणत होती की संध्याकाळी बरं वाटतंय. मी तिला म्हटलं, आकडे तसं म्हणत नाहीत. ती म्हणाली, "तुझे आकडे झोपतात का या खाटेवर?"

तिचं बरोबर होतं. माणसाला गरम वाटतं ते फक्त हवेमुळे नाही. तापलेलं छत आपल्याकडे सरळ उष्णता फेकतं, शेकोटीसमोर बसल्यावर तोंड पोळतं पण पाठ गार राहते तसं. म्हणून हवेचं तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान, दोन्ही धरून एक आकडा काढतात, त्याला ऑपरेटिव्ह तापमान म्हणतात. वारा मंद असेल तर ढोबळमानानं दोघांची सरासरी. हवा ३४, पृष्ठभागांची सरासरी ३८, तर अंगाला जाणवतात ३६. चुन्यानं छताची खालची बाजू निवली होती, आणि मी हवा मोजत बसले होते. यासाठी काळ्या गोळ्याचा थर्मामीटर लागतो. तो महाग असेल तर टेबल टेनिसचा ४० मिलिमीटरचा चेंडू घ्या, त्याला बिनचकाकीचा काळा रंग द्या, आणि भोक पाडून सेन्सर मध्यभागी बसवा. ही जुगाड वाटली तरी संशोधनात मान्य असलेली पद्धत आहे.

चुन्याबद्दल आईची दुसरी तक्रार होती, "आता सांडगे कुठं वाळवू?" आमच्याकडे गच्ची म्हणजे उन्हाळ्यात वाळवणाची जागा. पापड, कुरडया, डाळी, सगळं तिथंच. चालून-झाडून चुना निघतो, आणि सोलापूरची धूळ बसली की पांढरं पांढरं राहत नाही. म्हणजे शोषण २५ टक्के हा आकडा पहिल्या दिवसाचा. जूनपर्यंत तो किती होतो? हा लहानसा वाटणारा प्रश्न मला आठपैकी कुठल्याही तत्त्वापेक्षा संशोधनाच्या जवळचा वाटतो. तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं. अशी धोरणं गावागावात पोचतील तेव्हा याचं उत्तर कुणाकडे तरी असायला हवं.

मानकांचं थोडक्यात. घरांसाठी आपल्याकडे इको-निवास संहिता आहे, २०१८ ची. ती म्हणते, छताची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको. आपला उघडा स्लॅब ३.५ चा, म्हणजे सरळ नापास. वर ५० मिलिमीटरचा चांगला उष्णतारोधक थर दिला तर ती ०.५ च्या आसपास येते. भिंतींसाठी आरईटीव्ही नावाचा आकडा काढतात, तो दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवा. हे सूत्र उपयोगी आहे, सोपं आहे, बिल्डरलाही भरता येतं. पण त्यात भिंतीची यू-व्हॅल्यू येते, भिंतीत उष्णता किती साठते हे वेगळं येत नाही. हलक्या एएसी ब्लॉकची भिंत त्यात छान पास होते. पांढरीची भिंत कागदावर त्यापुढे मागे पडते. त्यामुळे 'संहितेत बसतं' आणि 'रात्री अकराला झोप लागते' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, त्यांची गल्लत प्रपोजलमध्ये करू नका.

आणि 'आरामदायक' कशाला म्हणायचं? इथं अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या गटानं मोठं काम केलंय. आयमॅक नावाचं भारतीय प्रारूप. त्यांनी अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या १६ ऑफिस इमारतींत जाऊन लोकांना विचारलं, ६,३३० उत्तरं गोळा केली. त्यातून निघालेलं सूत्र एसी नसलेल्या इमारतींसाठी असं आहे: बाहेरच्या तापमानाची गेल्या ३० दिवसांची सरासरी गुणिले ०.५४, अधिक १२.८३. त्याच्या दोन्ही बाजूंना २.३८ अंश धरले तर ९० टक्के लोकांना ते चालतं. म्हणजे उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्या आपल्या लोकांना २४ अंशच लागतात हा परदेशी समज त्यांनी आकड्यांनी मोडला.

आमच्या गावाला लावून बघा. सरासरी ३३ धरली तर १७.८२ अधिक १२.८३, म्हणजे ३०.६५. वर २.३८ जोडले की ३३.०३. आणि माळवद बसलंय ३३ वर! बरोबर काठावर. पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा मला वाटलं, झालं, माळवद पास.

पण ते सूत्र ऑफिसात जागेपणी बसलेल्या लोकांच्या उत्तरांवरून आलंय. काकू ६० च्या पुढच्या, घरात, झोपलेल्या. त्यांना ते लावायचं का? सेप्टच्या गटानं पुढे घरांसाठी वेगळा आयमॅक-आर आणला, म्हणजे हा फरक त्यांनाही महत्त्वाचा वाटला. तरी प्रश्नावलीला उत्तर द्यायला माणूस जागा लागतो. झोपलेल्याला 'आता कसं वाटतंय' विचारता येत नाही. माझं सध्याचं काम या फटीत चाललंय. कुठलंही प्रारूप वापरताना एवढं बघा की ते कुणाला विचारून बनवलंय, कुठल्या खोलीत, दिवसाच्या कुठल्या वेळी.

स्थानिक साहित्य या तत्त्वाबद्दल एकच परिच्छेद लिहिते, कारण त्यावर वेगळा लेख व्हायला हवा. सिमेंट बनवताना चुनखडी भाजतात. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, ५६ किलो चुना उरतो. हे रसायनशास्त्र आहे, भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो चुकत नाहीत. वर इंधनाचं वेगळं. लॉरी बेकर यांनी केरळात रॅट-ट्रॅप पद्धतीनं विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवली आणि सुमारे पाव विटा वाचवल्या, ते याच दिशेचं काम. पण गावात माती-माळवदाला 'कच्चं घर' म्हणतात, आणि सरकारी योजनेतही घर 'पक्कं' लागतं. शिवाय माळवद दर पावसाळ्याआधी डागडुजीला मागतं. लोक स्लॅब अडाणीपणानं बांधत नाहीत, गळणाऱ्या छताला कंटाळून बांधतात. शहरातून जाऊन त्यांना मातीच्या घराचं कौतुक सांगणारी मीही एकदा होते. काकूंनी शांतपणे विचारलं होतं, "मग तू का फ्लॅटमध्ये राहतेस?"

तर त्या ज्युनिअरला मी काय सांगितलं? त्याच्या पानावरचं चौथं तत्त्व घेतलं, 'जाड भिंती घर थंड ठेवतात', आणि त्याला त्याचं वाक्य प्रश्नात बदलायला लावलं. कुठल्या हवामानात? दिवसाच्या कुठल्या तासांना? दारं-खिडक्या कोण, कधी उघडतं? कशाच्या तुलनेत? आणि हवा मोजणार की जाणवणारं तापमान? दुसऱ्या दिवशी त्यानं लिहून पाठवलं: "उष्ण-कोरड्या हवामानात जाड मातीच्या घरात रात्री खिडक्या उघड्या ठेवल्यास आणि न ठेवल्यास, रात्री १० ते पहाटे ५ या वेळेतल्या ऑपरेटिव्ह तापमानात किती फरक पडतो?" मी म्हटलं, अरे, हा तर माझाच विषय चोरलास! मग त्याला विदर्भातलं त्याचं स्वतःचं धाब्याचं घर घ्यायला सांगितलं. तिथं उन्हाळ्यात कूलर असतो, त्यातून ओलावा येतो, त्यामुळे प्रश्न वेगळा होतो. आता तो कूलरच्या मागे लागलाय.

काकूंच्या घराचं सांगायचं राहिलं. खिडकी बंद असताना खोलीतली हवा फटींमधून तासाला अर्धी वेळ बदलते असं धरू. तीन बाय चार बाय तीन मीटरची खोली, आत-बाहेर पाच अंशांचा फरक, तर सुमारे ३० वॅट उष्णता बाहेर जाते. आठ तासांत पाव युनिट. तीच हवा तासाला दहा वेळा बदलली तर ६०० वॅट, रात्रीत जवळजवळ पाच युनिट. भिंती निवायला एवढी तरी उष्णता बाहेर जायला हवी. म्हणजे नवीन भिंत, नवीन छत, काहीच नको. रात्री उघडं राहू शकेल असं दार हवं, ज्यातून वारा येईल पण चोर आणि डास येणार नाहीत.

मार्चमध्ये गावच्या वेल्डरकडून काकूंच्या दाराला लोखंडी ग्रिलचं दुसरं दार बसवलं. आतून कुलूप, ग्रिलला डासांची जाळी. समोरच्या भिंतीतल्या खिडकीलाही तसंच. जाळीनं वारा कमी होतो, तो किती कमी होतो हेही मोजतेय. पहिले काही दिवस काकू रात्री उठून लाकडी दार लावून घ्यायच्या, लॉगरच्या आलेखात ती वेळ स्पष्ट दिसते, साधारण साडेअकरा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती पायरी दिसेनाशी झाली. फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "आता राहू देते उघडं. कुत्रं बसतं दाराशी."

मे महिन्याचे आकडे घ्यायला जूनच्या पहिल्या आठवड्यात जाणार आहे. वळवाचा पाऊस झाला तर त्या रात्री बाजूला काढाव्या लागतील. तोवर तुमच्या घरात एक साधा थर्मामीटर टांगा आणि रात्री अकराला एकदा, पहाटे उठल्यावर एकदा बघा. काय दिसतं ते मला कळवा, छत कशाचं आहे तेही लिहा.